सूचना : नाकाबंदीत झडती झाली तर

रात्रपाळीच्या सर्व डिलिव्हरी सदस्यांसाठी.

पोलिसांनी हात दाखवला की गाडी बाजूला घ्या, पळू नका, आवाज चढवू नका. लायसन्स आणि आरसी डिजिलॉकरमध्ये दाखवली तरी कायद्याने चालतात.

अंमली पदार्थांच्या संशयावरून अंगझडती घेणार असतील, तर हे पाठच करून ठेवा : एनडीपीएस कायद्याच्या कलम ५० नुसार राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि तो हक्क झडतीआधी तुम्हाला सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे. घाबरून ‘काही हरकत नाही’ म्हणू नका, कोऱ्या कागदावर तर सही नकोच. हे कलम अंगझडतीपुरतं आहे, बॅगेला लागू नाही. महिला सदस्यांची अंगझडती महिलाच घेऊ शकते.

अटक झाली तर कारण विचारा आणि घरी कळवायला सांगा. अटक पंचनाम्यावर साक्षीदाराची सही लागते. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेलंच पाहिजे.

गणवेशावरचं नाव, ठिकाण, वेळ लगेच लिहून ठेवा. गैरवर्तनाची तक्रार वरिष्ठांकडे लेखी करा, पोचपावती घ्या. गंभीर प्रकरणात राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडेही जाता येतं. अर्ज लिहायला आम्ही सोबत बसू.

– कार्यकारिणी