रक्तदान शिबिरातील त्या ताईंचे आभार
माझे यजमान दूरचित्रवाणी मालिकांचे लेखक असल्याने उद्याच्या चित्रीकरणाचे संवाद आज रात्री जागून लिहिणे आमच्याकडे नित्याचेच. त्यामुळे रविवारच्या रक्तदान शिबिराचा भार माझ्या एकटीवर आला (त्यांची कबूल केलेली मदत नेहमीप्रमाणे कागदावरच राहिली). ऐन गर्दीत वीज गेली आणि रक्ताची पिशवी हलवत राहणारे यंत्र थांबले. रक्त पिशवीतील गुठळीरोधक द्रावणात मिसळत राहिले नाही, तर त्याच्या गुठळ्या होतात. रक्तपेढीच्या एका तंत्रज्ञ ताईंनी लगेच स्टूल ओढले, वीज येईपर्यंत पिशवी तळहातावर अलगद डोलवत ठेवली आणि दुसऱ्या हाताने, प्रथमच रक्त देणाऱ्या घाबरलेल्या मुलीचा हात धरून तिला बोलते ठेवले. एकही पिशवी वाया गेली नाही. ताई, आपले नाव विचारायचे राहून गेले, मनःपूर्वक आभार.