पूल नको, ओहोटीची वेळ लिहा

संपादक महोदय,

अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यापर्यंत कायमचा पूल बांधा, ही सूचना अधूनमधून डोकं वर काढते. हल्ली तिला इटलीचा दाखला जोडला जातो. नेपल्सच्या किनाऱ्यावरचा कास्तेल देल्लोव्हो पाहा, बाराव्या शतकात नॉर्मनांनी छोट्या बेटावर बांधलेला किल्ला, आणि लोक रस्त्याने चालत तिथवर जातात! दाखला खरा आहे, समुद्र मात्र वेगळा. नेपल्सला भरती आणि ओहोटीच्या पाण्यातला फरक अर्ध्या मीटरच्याही आत असतो. आपल्याकडे उधाणाला तोच फरक चार मीटरच्या आसपास जातो. इथे सरसकट भराव घातला, तर किनाऱ्याने सरकणारी वाळू एका अंगाला साचेल आणि दुसऱ्या अंगाची पुळण खचेल.

शिवाय पूल लागतोच कशाला? ओहोटीला चालत जाता येतं, घोडागाड्याही जातात. घोटाळा होतो तो वेळेचा.

वेळ काढायची जुनी रीत किनाऱ्यावर अजून चालते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीचे वाजलेले कळतात. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे भरती दुपारी तीनच्या सुमारास आणि ओहोटी तिच्या सहा तास आधी, सकाळी नऊला. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून छापील भरती-ओहोटीचं कोष्टक पाहावंच. पण कालनिर्णयवरच्या तिथीवरून निदान सहलीचा दिवस तरी ठरवता येतो.

दिवस निवडणं वेळेइतकंच महत्त्वाचं. अष्टमीला ओहोटी ऐन बाराला येते, सहलीला सोयीची वाटते. पण ते भांगाचं पाणी. ते धड चढत नाही आणि धड उतरतही नाही, त्यामुळे मधला पट्टा पूर्ण उघडा पडत नाही. पौर्णिमा-अमावास्येला पाणी खूप लांब जातं, पण पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. संध्याकाळची ती कोरडी वाळू पाहून लोक उतरतात, आणि परतताना अंधार व चढतं पाणी दोन्ही एकदम गाठतात. दोन्ही पक्षांतल्या तृतीया ते षष्ठीच्या सकाळी सगळ्यांत बऱ्या. पावसाळ्यात तर ही वाट धरूच नये.

सर्वांत मोठी गैरसमजूत म्हणजे कोष्टकातली ओहोटीची वेळ ही निघायची वेळ मानणं. त्या क्षणी पाणी सर्वांत खाली असतं, पुढच्या क्षणापासून ते चढायला लागतं. नऊची ओहोटी असेल, तर साडेसातला किनाऱ्यावरून निघावं आणि दहापर्यंत परत यावं. पहिल्या तासात पाणी एकूण चढाच्या जेमतेम बाराव्या हिश्शाने वाढतं, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र निम्मा चढ होऊन जातो. शिवाय पाणी समोरून लाटेसारखं येत नाही. आधी खडकांमधले खोलगट भाग भरतात. तटावरून पाहणाऱ्याला खडक कोरडे दिसत असतात आणि परतीच्या वाटेवर गुडघाभर पाणी झालेलं असतं.

पायात मागे पट्टा असलेले जुने सँडल हवेत. साधी चप्पल वाळूत रुतून राहते आणि अनवाणी पायाला खडकावरची कालवं ब्लेडसारखी कापतात. हिरव्या शेवाळावर पाय टाकू नये.

आत पाहायला तासभर पुरतो. सिद्धिविनायकाचं मंदिर, गोड्या पाण्याची पुष्करणी आणि चाकांच्या गाड्यावरच्या दोन इंग्रजी तोफा बहुतेक जण पाहतात. तटाचे दगड फारसं कोणी पाहत नाही. मोठमोठे चिरे चुना न भरता नुसते एकावर एक बसवले आहेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं, तिथेच त्याचा जोर मोडतो आणि ते परत निथळतं. दुरुस्तीच्या हौसेने उद्या कोणी या फटी सिमेंटने बुजवल्या, तर ते नुकसान पुलापेक्षाही महागात पडेल.

२०२५ साली युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले. त्यांत कुलाबा नाही, पण थळसमोरचा खांदेरी आहे. तेव्हा या बाजूला गर्दी वाढणार हे धरूनच चालावं. पुलाच्या आराखड्यापेक्षा आधी पुळणीवर, घोडागाड्या उभ्या राहतात तिथेच, एक फळा लावावा. त्यावर रोज सकाळी खडूने तीनच वेळा लिहाव्यात: निघण्याची, ओहोटीची आणि किल्ला सोडण्याची. आकडे हातभर उंचीचे असावेत, मराठी आणि हिंदीत. ओहोटी होऊन अर्धा तास झाला की किल्ल्याच्या दरवाजावर लाल बावटा चढवावा आणि त्यानंतर किनाऱ्यावरून कोणालाही पुढे सोडू नये, घोडागाडीलाही नाही.

— एक वाचक, अलिबाग