काही झालं नाही म्हणू नकोस

सातारा,
९ फेब्रुवारी, रात्रीचे पावणेदहा

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर माझा आवाज चढतो आणि तुझी मीटिंग निघते, म्हणून लिहायला बसले. रविवारी तू पाठवलेला फोटो बाबांनी मोठा करून पाहिला. त्यांना मागचे डोंगर बघायचे होते. मला दिसलं ते तुझ्या मांडीवरचं स्कीचं हेल्मेट. डाव्या कानाच्या वर बोटभर लांब चीर. विचारलं तर तुझं उत्तर, "अगं, जरा पडले. मला काही झालं नाही." आणि पुढे तो हसरा चेहरा.

हे वाक्य मी नोकरीभर कॅज्युअल्टीत ऐकलं गं. आंब्याच्या झाडावरून पडलेले, एसटीच्या दारातून पडलेले, घाटात गाडी घसरलेले. स्वतःच्या पायांनी चालत यायचे आणि म्हणायचे, सिस्टर, काही झालं नाही, या लोकांनी उगाच आणलं. बहुतेकांना खरंच काही झालेलं नसायचं. पण कुणाला नाही आणि कुणाला हो, हे चेहऱ्यावरून कळत नाही. म्हणून रात्रभर तासातासाला उठवून नाव विचारायचं, गाव विचारायचं, बॅटरी मारून डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या. एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली की पळापळ.

असो. हेल्मेटबद्दल लिहायचं नव्हतं मला. शनिवारबद्दल लिहायचं होतं. तुम्ही तिकडे ऑस्ट्रियात सेंट अँटनला स्कीला निघालात आणि या खेपेला आखलेल्या उतारावर नाही, बाहेरच्या ताज्या बर्फात जाणार, असं तू वहिनीला सांगितलंस. मला नाही सांगितलंस. वहिनीच्या पोटात काही राहत नाही हे तुला ठाऊक असूनही तिलाच सांगितलंस, म्हणजे मला कळावं असं वाटत असणारच.

तुमच्या टिरोलचा हिमस्खलनाचा रिपोर्ट रोज संध्याकाळी पाचला लागतो. तुमचे पाच म्हणजे आपले साडेनऊ. मालिका अर्धवट सोडून बघते. आज जंगलाच्या वरच्या पट्ट्यात धोका ३ आहे. बाबा म्हणाले, पाचातले तीन म्हणजे मधलं, काळजी नको. त्यांना कोण सांगणार, की सगळ्यात जास्त माणसं या तीनलाच दगावतात. पाच असलं की कुणी बाहेरच पडत नाही, चारलाही शहाणे घरी बसतात. तीनला मात्र ऊन पडलेलं असतं, बर्फ ताजा असतो, सुट्टी काढलेली असते, आणि चौघांतला एक म्हणतो, चला, बघू तरी.

आपल्याकडे दरड येते ती डोंगराच्या मनानं. २०२१ च्या जुलैत पाटणकडे मिरगावला, आंबेघरला आली तेव्हा लोक घरात झोपलेले होते, त्यांनी कुठे काय केलं होतं? तुमच्याकडचं उलटं. स्कीवाल्यांचा जीव घेणारी बर्फाची दरड दहांत नऊ वेळा त्यांच्याच वजनानं सुटते. खाली साखरेसारखे मोकळे दाणे, त्यावर वाऱ्यानं थापून घट्ट केलेला थर. साखरेवर पाट मांडून त्यावर बसावं तसं. उतार तीस अंशांपर्यंत असला तर पाट बहुधा जागेवर राहतो, त्याच्यापुढे सरकतो. आणि पायाखाली "वुंफ" असा पोकळ आवाज आला तर तो खालचा थर बसल्याचा, तिथून मागे फिरायचं. तुला हे सगळं कोर्समध्ये शिकवलं असणार. मी तुला शिकवत नाहीये, मी शिकले ते सांगतेय.

नेदरलँड्सच्या राजघराण्यातला तो प्रिन्स फ्रिसो, तुमच्याच त्या डोंगरांत, लेख नावाच्या गावी, फेब्रुवारी २०१२ मध्ये बर्फाच्या दरडीखाली गाडला गेला होता. लहानपणापासून दरवर्षी त्याच गावी येणारा माणूस. त्या दिवशी धोका ४ होता. अंगावर ट्रान्सीव्हर, बर्फाखालून खूण पाठवणारं यंत्र, होता म्हणून सापडला, पण सापडून वर काढेपर्यंत पंचवीसेक मिनिटं गेली. त्याला आणलं तुमच्या इन्सब्रुकच्याच दवाखान्यात. शुद्धीवर असा आलाच नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये गेला. दीड वर्ष, मुक्ता. त्याच्या आईनं दीड वर्ष काय केलं असेल? राणी होती ती, पण उशाशी बसायला राणीला काही वेगळी खुर्ची देत नाहीत.

पंधरा मिनिटांच्या आत काढलं तर दहांतले नऊ वाचतात, पस्तीस मिनिटांनी तिघेच. हल्ली तर दहाच मिनिटं हाताशी असतात म्हणतात. म्हणजे हेलिकॉप्टर यायच्या आत जे काय व्हायचं ते होऊन जातं. तुझ्याकडे ट्रान्सीव्हर आहे, टोचून बघायची काठी आहे, फावडं आहे, हे मला माहीत आहे. पण तुझ्या पाठीवरचं फावडं तुझ्या काय कामाचं? ते बरोबरच्याच्या पाठीवर हवं आणि त्याला ते चालवता यायला हवं. त्या उंच पोराला येतं का? उतारावर एकेकानं जा, बाकीच्यांनी कडेला थांबून जाणाऱ्याकडे बघायचं, फोटो काढत बसायचं नाही. डोंगरातल्या मदतीचा १४० हा नंबर फोनमध्ये

थांबते. वाचून बघितलं तर ड्यूटी लावून दिल्यासारखं झालंय. चुकलं. तू अठ्ठावीस वर्षांची आहेस, माझी प्रोबेशनर नाहीस.

सुभाषमामाचं तुला माहीत आहे, पण पूर्ण नाही. मी कधी सांगितलंच नाही, आणि तुझी आजी असेपर्यंत सांगणं शक्यही नव्हतं. पोवई नाक्याच्या उतारावर सायकलवरून पडला आणि तसाच चालत घरी आला. ओट्यावर बसून सायकलचं पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरलं आणि वाकडं झालेलं हँडल सरळ केलं. डोक्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. मी ट्रेनिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, सुट्टीवर आलेले. विचारलं, दादा, कुठे लागलं? म्हणाला, "काही झालं नाही गं, पोहे आण." मी पोहे दिले. त्यानं वरून लिंबू मागितलं, मी अर्धं पिळून दिलं, त्यानं उरलेलंही मागितलं. मग डोकं जड झालंय म्हणून आत जाऊन पडला. आई म्हणाली, झोपू दे, दमलाय. मी झोपू दिलं. बॅटरी खुंटीलाच होती.

कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये शीर फुटते, रक्त साठत जातं, आणि मधला तास-दोन तास माणूस अगदी चांगला असतो. आम्हाला हा धडा त्यानंतर दोन महिन्यांनी होता.

ती नताशा रिचर्डसन, इंग्लंडची नटी, मार्च २००९ मध्ये कॅनडात मों-ट्रॉंब्लाँला शिकाऊ लोकांच्या उतारावर पडली. शिकाऊ! ना कडा, ना दरड. उठली, हसली, बरी आहे म्हणाली, आलेली ॲम्ब्युलन्स परत पाठवली. थोड्या वेळानं डोकं दुखायला लागलं. दोन दिवसांनी गेली. ४५ वर्षांची. पेपरात बातमी वाचली तेव्हा मी ड्यूटीवर होते आणि माझ्या नाकात एकदम लिंबाचा वास आला.

तिच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, तुझ्या होतं, हे मला कळतं. पण बाबा रविवार-रविवार ज्याच्यासाठी टीव्हीसमोर बसायचे, त्या शूमाकरच्याही डोक्यावर होतं. २०१३ च्या डिसेंबरात मेरिबेलला दोन आखलेल्या उतारांच्या मधल्या पट्ट्यात गेला आणि दगडावर आपटला. बाबांनी तेव्हापासून शर्यत लावली नाही. आणि हेल्मेट एकदाच मार खातं. तुझ्यासाठी त्यानं खाल्ला. आता त्याला रिटायर कर आणि नवीन घे, शनिवारच्या आधी. माझा भिशीचा नंबर लागलाय, पैसे तुझा दादा पाठवेल. टेप लावून वापरू नकोस. तू टेप लावशील, मी ओळखते तुला. आठवीत मनगट मोडलं होतं तर दोन दिवस दुपट्टा गुंडाळून शाळेत गेलीस.

जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. म्हणायचं होतं. पहिल्या ओळीतच म्हणणार होते. पण तुझा तो व्हिडिओ, लाल जाकीट घालून वळणं घेत खाली येतेस तो, मी भिशीत सगळ्यांना दाखवलाय, किराणेवाल्याला दाखवलाय, गॅस सिलिंडर घेऊन आला त्यालाही. तो म्हणाला, ताई पडत कशी नाही? मी म्हटलं, अजिंक्यताऱ्याच्या चढावर वाढलेली आहे ती. असं म्हणाले खरी, आणि मग दार लावून घेतलं.

शनिवारी आकडा चार झाला तर आखलेल्या उतारावरच राहा. तीन असला तर... तीन असला तर तुझं तू ठरव. पण संध्याकाळी खाली आलीस की "पोचले" एवढं टाक. हसरा चेहरा नको.

मेतकूट आणि कुळथाचं पीठ देशपांड्यांच्या प्रणवबरोबर पाठवतेय, तो म्युनिकला उतरतोय. बाबांचं बीपी ठीक. जाई फुललीय.

तुझी,
आई

ता. क. हेल्मेटला चीर गेली त्या रात्री खोलीत तुझ्याबरोबर कोण होतं? बाकी कशाचं उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, एवढं कळव.