सुटी सिगारेट आणि आपली मुलं : वाचनालयाचं गावकऱ्यांना आवाहन

सप्रेम नमस्कार,

दिवाळीच्या सुट्टीनंतर अभ्यासिकेची झाडलोट करताना पाण्याच्या टाकीमागे हायलायटरसारखी दिसणारी एक गुलाबी वस्तू सापडली. ग्रंथपालांनी ती हरवलेल्या वस्तूंच्या डब्यात ठेवली. आठ दिवस ती तिथंच पडून होती. मग पुस्तक बदलायला आलेल्या, कॉलेजात शिकवणाऱ्या एका ताईंनी ती ओळखली. तो व्हेप होता, म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट.

त्या दिवसापासून कार्यकारिणीतले आम्ही तिघं रोज संध्याकाळी मुलांशी बोलत बसतो. रागावायचं नाही, घरी नाव कळवायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. म्हणून मुलं बोलली. बारावीचा एक मुलगा म्हणाला, "काका, एक मारली की डोकं चालतं. नाहीतर पान पुढं सरकत नाही." हे वाक्य आम्ही नंतर इतरांकडूनही ऐकलं. मुलं खोटं बोलत नाहीत, त्यांना तसंच वाटतं. तंबाखूतलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि बरं वाटतं. पण ते उतरलं की चिडचिड होते, लक्ष लागत नाही, आणि ही बेचैनी आधीच्याच सिगारेटनं उठवलेली असते. पुढची सिगारेट ती तेवढ्यापुरती शमवते. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते, त्यामुळे या वयात लागलेली तलफ अधिक घट्ट बसते. ज्या परीक्षेसाठी मुलं रात्र जागवतात, तिच्यासाठी लागणारी एकाग्रताच निकोटिन खातं.

ही सिगारेट त्यांना मिळते सुटी. पाकीट परवडत नाही, खिशात सापडायची भीती असते. सुटी घ्यायची, टपरीला दोरीनं बांधलेल्या लायटरवर पेटवायची, वर एक गोळी तोंडात टाकायची. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर रोगाचं चित्र आणि इशारा छापलेला असतो, सोडण्यासाठी मदतीचा क्रमांकही असतो. सुटी सिगारेट घेणाऱ्या मुलाच्या हातात ते पाकीट कधी येतच नाही. म्हणूनच महाराष्ट्र सरकारनं सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर बंदी घातली. २००३ च्या कोटपा या तंबाखूविरोधी केंद्रीय कायद्यानं अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत, कुणालाही विकायला मनाई आहे. मुलाच्या हातात तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. आमच्या फाटकातून तीन टपऱ्या दिसतात.

व्हेपचं दुखणं वेगळं आहे. देशात २०१९ पासून त्याची विक्री, साठवण, जाहिरात सगळंच बेकायदा आहे, तरी तो पोचतोच. कपड्यांना धुराचा वास येत नाही, म्हणून घरात कळत नाही. आंबा, पुदिना, स्ट्रॉबेरी असे स्वाद असतात. मुलं म्हणतात, "ती नुसती वाफ असते." ती पाण्याची वाफ नाही, तापवलेल्या रसायनांचे बारीक कण असतात आणि बहुतेकदा निकोटिनही. घशाला खरखर कमी जाणवते, त्यामुळे किती आत गेलं याचा अंदाजच राहत नाही.

टपरीवाल्यांशीही आम्ही बोललो. तिघंही आपल्याच गावचे, तिघांच्याही घरी शाळेत जाणारी मुलं आहेत. एकानं सरळ सांगितलं, "सिगारेट काढली तर गल्ला अर्ध्यावर येतो. मी काय विकू?" तक्रार करून टपरी उठवता येईल, तो मार्ग आम्ही सोडलेला नाही. पण आधी त्यांच्या या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं. दोघं चहा-पोह्यांची गाडी लावायला तयार आहेत, तिसरे वह्या-पेन आणि झेरॉक्सचा विचार करताहेत. प्रत्येकाला सुरुवातीच्या सामानासाठी १५,००० रुपये उभे करून द्यायचं आम्ही कबूल केलं आहे, आणि यासाठीच मुख्यतः आपल्याकडं हात पसरतो आहोत. मागच्या मैदानावर व्हॉलीबॉलसाठी दिवे लावायचे आहेत, त्याला २२,००० लागतील. तलफ येते ती काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ मुलाला टपरीऐवजी दुसरं कुठंतरी जाता आलं पाहिजे. शाळेभोवती तंबाखूविक्रीला मनाई असलेली हद्द दाखवणारा पिवळा पट्टा आणि फलक यांना ८,००० धरले आहेत. एकूण ७५,००० रुपये.

पैशांपेक्षा माणसं मिळणं अवघड आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. ज्यांनी स्वतः विडी-सिगारेट सोडली आहे अशा चार-पाच जणांनी आठवड्यातली एक संध्याकाळ, सात ते नऊ, अभ्यासिकेत येऊन बसावं. व्याख्यान नको. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस किती जड जातात, झोप कशी उडते, पुढं दोन-चार आठवड्यांत ते कसं निवळतं, हे सोसलेल्या माणसाकडून ऐकलं तर मुलांना पटतं. गावातल्या डॉक्टर मंडळींनी महिन्यातून एकदा वेळ द्यावा. औषध किंवा निकोटिनचं च्युइंगम मुलांना कुणीही परस्पर देऊ नये, ते डॉक्टरच ठरवतील. ज्याला कुणाशी समोरासमोर बोलायला संकोच वाटतो त्यानं १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या क्रमांकावर, फोन करावा. फोनला पैसे पडत नाहीत. हाच क्रमांक पाकिटावर छापलेला असतो. आम्ही तो अभ्यासिकेच्या प्रत्येक टेबलावर चिकटवला आहे.

पालकांना एक विनंती आहे. मुलाच्या दप्तरात काही सापडलं तर त्या रात्री हात उगारू नका. आमच्याशी बोललेल्या मुलांना सिगारेटपेक्षा घरी कळण्याची भीती मोठी वाटते, आणि त्या भीतीपोटी ती मदत मागत नाहीत.

देणगी वाचनालयात सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९ या वेळात स्वीकारली जाईल. पन्नास रुपयांचीही पावती मिळेल. जमाखर्च दर महिन्याला फलकावर लागेल. येत्या रविवारी सकाळी सात वाजता हायस्कूलच्या कुंपणापासून ९१ मीटर मोजून पिवळा पट्टा आखायला सुरुवात करतो आहोत. मोजपट्टी धरायला आणि ब्रश चालवायला माणसं हवी आहेत. जुने कपडे घालून या.

आपली,
वाचनालयाची कार्यकारिणी आणि अभ्यासिकेतली मुलं