टायमिंग बेल्ट बदलून बिघडलेलं इंजिन आणि ‘चालवा, सेट होईल’ हे उत्तर

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय

विषय : अधिकृत वर्कशॉपमध्ये टायमिंग बेल्ट बदलल्यापासून इंजिनात आलेला दोष, आणि तो बघायलाही नकार

महोदय,

आत्ताच तुमच्या कॉल सेंटरचा फोन ठेवला. माझी तक्रार ‘क्लोज’ झाली आहे म्हणे. कारण विचारलं तर, ‘डीलरने गाडी ओके असल्याचं कळवलंय.’ ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यालाच विचारायचं आणि तो म्हणेल ते लिहून फाईल बंद करायची. छान सोय आहे. म्हणून आता लेखी.

गाडी तुमची डिझेल हॅचबॅक. एक लाख किलोमीटर होत आले, तुमच्याच पुस्तिकेत लिहिलंय म्हणून टायमिंग बेल्ट बदलायला साताऱ्यातल्या तुमच्या अधिकृत वर्कशॉपला दिली. देताना गाडीला काहीही झालेलं नव्हतं. जॉब कार्डवर ‘ग्राहकाची तक्रार’ हा रकाना कोरा आहे, प्रत सोबत जोडली आहे. परत मिळाली ती अशी : सकाळी लांबलचक सेल्फ मारल्याशिवाय चालू होत नाही, दोन हजार आरपीएमच्या खाली लोड घेत नाही, पाय दाबला की मागे काळा धूर, आणि मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा. माझा व्यवसाय बियाणं आणि शेतीच्या औषधांचा. जावळी तालुक्यातल्या दुकानांना माल पोचवते. डिकी भरलेली असताना केळघर घाटात ही गाडी पहिल्या गिअरवर कण्हत चढते आणि मागच्या एसटीचा ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नाही.

त्यावर वर्कशॉपने काय केलं? आधी इंजेक्टर साफ केले. बिल लावलं. मग ईजीआर, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, साफ केला. बिल लावलं. मग डिझेल भेसळीचं असेल, मेढ्याला भरता का, अशी चौकशी झाली. (डिझेल मी साताऱ्यातच भरते, आणि त्याच पंपावर, बेल्ट बदलण्याआधीपासून.) दर वेळी स्कॅनर लावून गाडीने नोंदवलेला दोषाचा कोड पुसून टाकला आणि दिवा गेल्याचं मला आनंदाने दाखवलं. तो मेढ्याच्या अलीकडेच परत लागतो. कोड काय होता हे मात्र कोणी सांगेना. शेवटी ओळखीच्या गॅरेजमध्ये वाचून घेतला : पी००१६. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचा मेळ बसत नाही.

इंजिन तुम्ही बनवलंय, तेव्हा याचा अर्थ मी तुम्हाला सांगायला नको. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो, आणि हे गणित सांभाळायला मध्ये तो एक दातेरी बेल्ट असतो. क्रँकची पुली वीस दातांची धरली तर एक दात चुकला की १८ अंशांचा फरक पडतो. व्हॉल्व्ह अवेळी उघडतात, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब, पडतं, आणि मी वर लिहिलेलं सगळं सुरू होतं. हा कोड सेन्सरमुळे किंवा वायरिंगमुळेही येतो, मान्य. पण ज्या दिवशी बेल्ट बदलला त्याच दिवसापासून तो येत असेल तर आधी कुठे बघायचं? माझी मागणी एवढीच होती की बेल्टवरचं कव्हर काढा आणि क्रँक-कॅम जुळवायच्या टायमिंगच्या खुणा माझ्यासमोर तपासा. या वर्कशॉपने माझ्या गाडीचं सगळं उघडलं, ज्याला त्यांनी स्वतः हात लावला तेवढं सोडून.

आता मुख्य प्रसंग. तो शब्दशः लिहिते, कारण कॉल सेंटरच्या नोंदीत त्याचं ‘ग्राहकाशी चर्चा झाली’ एवढंच उरलंय. काउंटरवर सर्व्हिस ॲडव्हायझर होता. मी कोड लिहिलेला कागद पुढे ठेवला. त्याने तो वाचला नाही, त्यावर स्वतःचा मोबाईल ठेवला. म्हणाला, “मॅडम, बेल्ट नवा आहे. थोडी चालवा, सेट होईल.” मी विचारलं, काय सेट होईल? दात आपोआप सरकून जागेवर येणार का? तो हसला. शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडे बघून हसला, माझ्याकडे बघून नाही. मग म्हणाला, “हे जरा टेक्निकल आहे. घरी कोणी जेंट्स असतील तर त्यांना फोन लावून द्या, मी समजावतो.” माझ्या यजमानांना गाडी चालवता येत नाही. त्यांनी आयुष्यात कधी बॉनेट उघडलेलं नाही. पण त्यांना हे समजलं असतं आणि मला समजणार नाही! मी म्हटलं, गाडी माझ्या नावावर आहे, बिल मी भरलंय, मलाच समजवा. तर म्हणे, “मग यूट्यूबवर बघून येत जाऊ नका, मॅडम.” आणि निघताना, त्याच दमात : “कंपनीचा फीडबॅकचा फोन येईल, दहापैकी दहा सांगा हं.”

‘चालवा, सेट होईल.’ तुमच्या या इंजिनात बेल्ट आणखी दात सोडून सरकला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागतं. तो खर्च कोणाच्या नावावर टाकायचं ठरलंय तेही कळवा. यजमानांना कळवलंत तरी चालेल.

आणखी एक. बिलात बेल्टबरोबर टेन्शनर, आयडलर (बेल्ट ताणून आणि वळवून धरणाऱ्या पुल्या) आणि वॉटर पंप लावलाय. जुने पार्ट परत द्या, हे मी गाडी देतानाच सांगितलं होतं. हातात आला फक्त जुना बेल्ट. बाकीचे ‘स्क्रॅपमध्ये गेले’. खरंच बदलले का, हे मला कसं कळावं?

आमच्या घरातली ही तुमची दुसरी गाडी. पहिली माझ्या वडिलांची, आणि ‘घ्यायची तर यांचीच’ हे त्यांचं वाक्य होतं. ते आता कोणाला सांगायची माझी हिंमत नाही.

मला पुढील गोष्टी हव्या आहेत. गाडी मी चालवत आणणार नाही, तुम्ही टो करून न्यायची. माझ्यासमोर कव्हर काढायचं, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि लॉकिंग पिना (टायमिंग बरोबर असेल तरच भोकात बसणाऱ्या) बसतात का ते दाखवायचं. बेल्ट लावल्यावर हे करायचंच असतं, त्या दिवशी कोणी केलं त्याचं नाव लेखी द्यायचं. प्रत्येक सिलिंडरच्या कॉम्प्रेशनचे आकडे कागदावर द्यायचे. इंजेक्टर आणि ईजीआरचे पैसे परत. आणि जुने पार्ट, ते मी पुन्हा मागतेय.

१५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ वर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही, हेही मी वाचूनच आलेय. यूट्यूबवर नाही.

उत्तर माझ्याच नावाने पाठवावं.

आपली,
वाहनमालक
सातारा

सोबत : जॉब कार्ड, तिन्ही बिलं आणि कोडच्या कागदाची प्रत