पालखी मार्गाला सावली हवी

महोदय,

गेली बारा वर्षं मी माउलींच्या रथामागच्या एका दिंडीत चालते. आळंदी ते पंढरपूर, सुमारे अडीचशे किलोमीटर. २०२३ च्या वारीत पाऊस लांबला होता. धर्मपुरी ओलांडून नातेपुत्याच्या वाटेला लागलो तेव्हा ऊन ऐन डोक्यावर. माझ्यापुढे परभणीकडच्या एक मावशी होत्या. वय सत्तरीपुढचं, डोक्यावर तुळस, अनवाणी चालायचा नेम. नवा चौपदरी रस्ता तव्यासारखा तापलेला. मावशी कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरच पाऊल टाकत होत्या. "एवढाच काय तो गार लागतोय बघा, माउली," म्हणाल्या. मागं वळून पाहिलं, तर दिंडीतल्या सगळ्या अनवाणी बाया त्या वीतभर पट्ट्यावरून एकीमागे एक येत होत्या.

रस्ता नको होता असं मी म्हणणार नाही. पूर्वी अरुंद वाटेवर ट्रक अंगावर यायचे, ती धास्ती आता कमी झाली. पण रुंदीकरणात कडेचे जुने वड, चिंचा, कडुलिंब गेले. दिंड्यांचे विसावे त्यांच्याच सावलीला ठरलेले असत. या मावशींची नि माझी ओळख लोणंदच्या पुढं अशाच एका वडाखाली झाली होती. माझ्या टाचेला फोड आला होता. त्यांनी पाय मांडीवर घेतला, सुईनं फोडातून दोरा ओवला, वर हळद दाबली. गाव कोणतं, हे त्यानंतर विचारलं.

आता लावलेली रोपं गुडघाभर, कित्येक तर जाळीतच वाळलेली. त्या दिवशी मावशींनी तांब्यातलं उरलेलं पाणी लिंबाच्या एका रोपाला घातलं, तेव्हा मागून येणाऱ्या बायांनीही बाटल्या रिकाम्या केल्या. वर्षातून एकदा घातलेल्या पाण्यावर झाड जगत नाही.

माझी विनंती अशी. वड, पिंपळ, लिंबाची पुरुषभर उंचीची रोपं लावावीत, तीन उन्हाळे टँकरनं पाणी द्यावं. कडेला चालण्यापुरती मातीची पट्टी मोकळी राहू द्यावी, तिथं पेव्हर ब्लॉक बसवू नयेत. आणि झाडं दिंड्यांना नेमून द्यावीत. मुक्कामी होणाऱ्या समाज आरतीला चोपदारांनी चोप (हातातला दंड) उंचावला की अख्खा तळ चिडीचूप होतो, हरवल्या-सापडल्याच्या सूचना सगळे कान देऊन ऐकतात. झाडांची वाटणीही तिथंच सांगावी. नातेपुत्याच्या अलीकडची दहा झाडं आमची दिंडी घेईल. कार्तिकीनंतर पाळीपाळीनं माणसं पाठवायची आमची तयारी आहे.

– एक वारकरी, औसा (जि. लातूर)