बारावीच्या गुणांना अभियांत्रिकी प्रवेशात वाटा द्या : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. बारावीची कितीतरी मुलं प्रयोगशाळेत पहिल्यांदा पाऊल टाकतात ते थेट प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी. रोध मोजायच्या मीटर ब्रिजच्या तारेवर जॉकी (सरकवायचा संपर्क) टेकवली आणि दोन्ही टोकांना गॅल्व्हानोमीटरचा काटा एकाच बाजूला गेला, तर जोडणी चुकली आहे, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. संतुलन बिंदूवरचं (जिथे काटा शून्यावर येतो) गणित मात्र तीच मुलं मिनिटाच्या आत सोडवतात. सोडवावंच लागतं. सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्नांना ९० मिनिटं असतात.

मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. २०१६ पासून अभियांत्रिकीचा राज्य कोटा सीईटीच्या निकालावर भरतो. बारावीला खुल्या गटात ४५ आणि राखीव गटात ४० टक्के मिळाले की झालं. त्यापुढचा एकेक गुण वाया. मग वर्गात कोण बसणार? नाव एका कॉलेजात, मूल दिवसभर क्लासमध्ये. ‘इंटिग्रेटेड’ नावाचा हा धंदा गावोगाव उघडपणे चालतो. २०१८ मध्ये शासनाने विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी लावून पाहिली. यंत्रावर अंगठा उमटतो, पण त्याने मुलाला वर्गाची गरज वाटू लागत नाही.

२०१४ आणि २०१५ मध्ये आपल्याकडे जेईई मेन (देशपातळीवरची प्रवेश परीक्षा) आणि बारावी यांना निम्मं निम्मं वजन होतं. कर्नाटकात आजही त्यांची सीईटी आणि पीयूसीचे (तिथल्या बारावीचे) गुण निम्मे निम्मे धरतात. तमिळनाडूने तर अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा कधीच मोडीत काढली. तिथे गणिताचे १०० आणि भौतिक, रसायनाचे ५०-५० अशा २०० गुणांवर यादी लागते. तितक्या टोकाला जा असं मी म्हणत नाही. आपल्याकडची कॉपीची केंद्रं मला ठाऊक आहेत (तुम्हालाही असावीत). नुसत्या बारावीवर प्रवेश दिले तर तिथे पुन्हा जत्रा भरेल.

पण सीईटी निर्दोष आहे असंही नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये एका सत्रातल्या गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्यायच चुकले होते, आणि सत्तावीस हजारांवर मुलांना पुन्हा परीक्षेला बसावं लागलं. आता सीईटी वर्षातून दोनदा घेऊन ताण कमी होईल म्हणतात. क्लासवाल्यांचा नक्की होईल. त्यांना दुसऱ्या परीक्षेची वेगळी बॅच काढता येते.

माझी मागणी साधी आहे. गुणवत्ता यादीत बारावीला ३० टक्के वजन द्या, पण फक्त लेखी परीक्षेच्या गुणांना. भौतिक आणि रसायनाचे ७०-७०, गणिताचे ८०. प्रात्यक्षिकाचे ३० गुण यात धरू नका. ते कसे वाटले जातात हे मी आतून पाहतो. जर्नल पूर्ण असलं की सत्तावीस-अठ्ठावीसच्या खाली कोणी येत नाही. प्रात्यक्षिकाला खरंच वजन द्यायचं असेल, तर आधी परीक्षक दुसऱ्या जिल्ह्यातून आणा. मग बोलू.

सीबीएसईची मुलं आणि आपली मुलं एका मापाने मोजू नयेत. प्रत्येक मंडळात त्या मुलाचं पर्सेंटाइल (किती टक्के मुलं त्याच्या मागे आहेत) काढा आणि तेच जोडा. हे सूत्र मात्र परीक्षेच्या आधी जाहीर करा. २०२५ मध्ये केरळने अभियांत्रिकी प्रवेशासाठी वेगवेगळ्या मंडळांच्या गुणांच्या समायोजनाचं सूत्र ऐनवेळी बदललं. उच्च न्यायालयाने ते रद्द केलं आणि लागलेली यादी नव्याने लावावी लागली. आपल्याकडे तसं व्हायला नको.

आणि हा नियम चालू बारावीला लावू नका. जी मुलं यंदा अकरावीत येतील, त्यांच्यापासून लागू करा. शासन निर्णय जूनच्या आधी निघाला, तर अकरावीचं वेळापत्रक लावताना प्रयोगशाळेचे तास कागदावर न ठेवता खरेच घेता येतील.

आपला,
एक कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षक